रूप आणि मजकूर : लाटेक अक्षरजुळणी प्रणाली व तिच्या मराठी पूरक संचांची चिकित्सा

प्रस्तावना

परभणी तालुक्यातील 'झरी' या गावाचे नाव छापायचे असो, की 'झऱ्याला पाणी आले' हे साधे वाक्य छापायचे असो, अक्षरजुळणीच्या दृष्टीने दोन्ही कसोटीचे प्रसंग आहेत. 'झ' या अक्षराची देवनागरीत दोन वळणे रूढ झाली : एक मुंबईच्या छापखान्यांनी रुळवलेले आणि दुसरे उत्तरेकडील व कलकत्त्याच्या छपाईत दीर्घकाळ आढळणारे. 'ऱ्या' हे जोडाक्षर तर मराठीत नित्याचे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांतील फरक रफाराने नव्हे, तर त्या आडव्या अर्ध्या 'र'ने दाखवला जातो. हिंदी वा संस्कृत छपाईला या खुणेची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरीची सोय केली म्हणजे मराठीची सोय झाली, हे गृहीतक 'झऱ्याला' या एका शब्दापाशीच अपुरे ठरते.

प्रस्तुत लेखात लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचा आणि पॅकेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या पूरक संचांचा मराठीच्या बाजूने विचार केला आहे. समीक्षा ही साहित्यकृतीची होते तशी साधनाचीही व्हावयास हवी. कारण साधन जे सहज करू देते तेच पुढे रूढ होते. त्यासाठी येथे दोन निकष स्वीकारले आहेत. पहिला रूपाचा : कागदावर उमटलेले अक्षर मराठी वळणाचे आहे काय? दुसरा मजकुराचा : त्या अक्षरामागे संगणकात साठवलेला मजकूर खरोखर मराठी आहे काय, म्हणजे तो शोधता, उतरवून घेता आणि काही वर्षांनी पुन्हा वाचता येईल काय? मराठीच्या संगणकीय छपाईत हे दोन निकष बराच काळ एकमेकांपासून तुटलेले राहिले, आणि ते जोडण्याचे काम मूळ प्रणालीने नव्हे, तर पूरक संचांनी केले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मूळ प्रणाली आणि तिची सीमा

टेक या मूळ प्रणालीचा जन्म एका लेखकाच्या असमाधानातून झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नूथ यांना १९७७ साली आपल्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली. धातूच्या खिळ्यांची जागा घेणाऱ्या प्रकाशजुळणीने गणिती मजकुराची रया घालवली होती. नूथ यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहावयास घेतला आणि त्याच्या जोडीला अक्षरे घडविण्यासाठी मेटाफॉन्ट ही स्वतंत्र भाषा तयार केली. परिच्छेदातील ओळी एकेक करून न तोडता संपूर्ण परिच्छेदाचा एकत्रित विचार करून त्या कोठे तोडाव्यात हे ठरविण्याची टेकची पद्धत आजही आदर्श मानली जाते.

लेस्ली लँपोर्ट यांनी १९८० च्या दशकात टेकवर लाटेक ही आज्ञावली उभारली. 'हे अक्षर ठळक करा' असे सांगण्याऐवजी 'हे प्रकरणाचे शीर्षक आहे' असे लेखकाने सांगावे, दिसण्याचा निर्णय प्रणालीने घ्यावा, हे तिचे तत्त्व होय. १९९४ साली लाटेकची सुधारित आवृत्ती आली आणि पूरक संच जोडण्याची शिस्त पक्की झाली. हे संच एकत्र ठेवणारे सिटॅन हे भांडार १९९० च्या दशकाच्या आरंभी आकारास आले.

मात्र नूथ यांनी १९९० साली जाहीर केले की टेकमध्ये यापुढे नवी वैशिष्ट्ये येणार नाहीत, केवळ दोष दुरुस्त होतील. आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीबरोबर 'पाय' या संख्येच्या अधिक जवळ सरकतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ असा झाला. स्थैर्याच्या दृष्टीने हा निर्णय स्तुत्य होता. तीस वर्षांपूर्वीची धारिका आजही तीच पाने देते, हे भाग्य फार थोड्या संगणकीय साधनांच्या वाट्याला आले आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, ज्या भाषांचा विचार मूळ रचनेत झाला नव्हता त्यांना यापुढे मूळ टेकमध्ये जागा मिळणार नव्हती. त्यांनी पूरक संचांत, किंवा टेकपासून फुटून निघालेल्या नव्या यंत्रणांत आपली जागा शोधावी, हे ओघानेच आले.

पहिला टप्पा : रोमनमधून देवनागरी

मूळ टेकच्या एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ अक्षरांना जागा होती. जोडाक्षरांनी समृद्ध अशा देवनागरीला ती तोकडी पडते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली यावर उपाय काढला. लेखकाने मजकूर रोमन लिपीत ठरावीक संकेतांनी लिहावा, एका पूर्वप्रक्रिया प्रोग्रॅमने त्याचे टेकच्या आज्ञांत रूपांतर करावे आणि मेटाफॉन्टमध्ये घडवलेली देवनागरी अक्षरे कागदावर उमटावीत, अशी ती योजना होती. त्याच सुमारास अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही लिप्यंतर प्रणालीही पुढे आली. वेल्थुइस यांचा संच पुढे अंशुमान पांडे, झ्डेनेक वाग्नर आदींनी सांभाळला व वाढवला.

या संचाची एक गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. 'अ', 'झ', 'ण' यांसारखी अक्षरे व काही अंक मुंबई वळणाचे हवेत की कलकत्ता वळणाचे, हे निवडण्याची सोय त्यात करण्यात आली. म्हणजे छपाईच्या प्रादेशिक परंपरा वेगवेगळ्या आहेत याची दखल युरोपात तयार झालेल्या एका संचाने घेतली होती. रूपाच्या निकषावर हा संच बऱ्याच अंशी उतरतो.

मजकुराच्या निकषावर मात्र तो अडतो. संगणकात 'झरी' हा शब्द देवनागरीत नव्हे, तर रोमन अक्षरांच्या ओळीत राहत असे. संशोधकाला तो सुसंगत होता, नियमबद्ध होता आणि म्हणून पुढे युनिकोडमध्ये रूपांतरितही करता येत होता. पण मराठीत विचार करून मराठीत लिहिणाऱ्या लेखकाला आपलेच वाक्य परक्या लिपीत वाचावे लागे. संस्कृतच्या विदेशी अभ्यासकांनी ही पद्धत स्वीकारली, मराठीच्या प्राध्यापकाला ती परकी वाटली, यात नवल नाही.

समांतर वाट : डीटीपी

याच काळात महाराष्ट्रातील छपाई वेगळ्याच मार्गाने गेली. पुण्यात १९८८ साली सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने छापखाने व डीटीपी केंद्रे व्यापली. पेजमेकरमध्ये पान लावावे, श्रीलिपीने मजकूर भरावा, ही पद्धत जिल्ह्याच्या ठिकाणापासून तालुक्यापर्यंत पोचली.

या फॉन्टांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांचे श्रेय आधी दिले पाहिजे. मराठी छपाईची जी दृष्टी जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने घडवली, आणि बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षरांवरील आपल्या त्रिखंडी इंग्रजी ग्रंथात जिची नोंद केली, तिच्याशी या फॉन्टांनी नाते राखले. अक्षरांची वळणे मराठी वाचकाच्या डोळ्यांना सवयीची होती. जुळाऱ्याच्या हातातील खिळ्यांची केस गेली, तरी पानावरचे अक्षर ओळखीचे राहिले.

पण या यशाची किंमत मजकुराने मोजली. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : कोठे अर्धे अक्षर, कोठे काना, कोठे मात्रा. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. ती निरर्थक रोमन चिन्हांची माळ होती आणि तिच्यावर मराठी चित्र रंगवलेले होते. फॉन्ट बदलला की चित्र नाहीसे होई. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले, तरी पान लावण्याच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचताना मजकूर फॉन्टच्या खाजगी संकेतांतच उतरत असे. प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा. पेजमेकरची ७.० ही २००१ ची आवृत्ती शेवटची ठरली आणि तीही युनिकोड जाणत नव्हती.

महाविद्यालयीन संशोधनाला याचा फटका थेट बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या व पुढे २०१६ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक झाले. जुन्या फॉन्टांतील मराठी प्रबंधाची पीडीएफ प्रत डोळ्यांना नीट दिसते. पण तिच्यात 'झरी' हा शब्द शोधला तर तो सापडत नाही, परिच्छेद उतरवून घेतला तर हाती रोमन चिन्हे लागतात. वाङ्मयचौर्य तपासणीच्या २०१८ च्या नियमांनंतर तर ही विसंगती अधिकच उघडी पडली. जो मजकूर यंत्राला वाचताच येत नाही, त्याची मौलिकता यंत्राने प्रमाणित करणे हा केवळ उपचार ठरतो. गावाचा इतिहास, बोली, लोकगीते यांवर मराठीत झालेले काम असे नोंदीत असूनही शोधात नसलेले राहते.

युनिकोड, झीटेक आणि दोन निकषांची भेट

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. तिने मजकुराचा प्रश्न तत्त्वतः सोडवला, परंतु मराठीचे प्रश्न तिच्यातही शिल्लक राहिले. 'ऱ' या चिन्हाला तिच्यात स्वतंत्र स्थान आहे, पण त्याची ओळख द्राविडी भाषांतील 'र'च्या लिप्यंतराचे चिन्ह अशी दिलेली असून, आडव्या अर्ध्या 'र'चा उल्लेख पुढे जोडलेला आहे. शिवाय हा अर्धा 'र' साध्या 'र'ला हलन्त व जोडक चिन्ह लावूनही मिळतो. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा 'झऱ्याला' हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो आणि एका प्रकाराने शोधल्यास दुसरा निसटण्याचा संभव राहतो. 'ॲ' या अक्षराला तर स्वतंत्र जागा मिळण्यास २००८ ची ५.१ ही आवृत्ती यावी लागली.

लाटेकच्या जगात खरे परिवर्तन घडवले ते जोनाथन क्यू यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या झीटेक या यंत्रणेने. युनिकोड मजकूर थेट वाचणे आणि संगणकावरील कोणताही ओपनटाइप फॉन्ट वापरणे तिने शक्य केले. विल रॉबर्टसन यांच्या फॉन्टस्पेक या संचाने फॉन्टची निवड सोपी केली. पॉलिग्लोसिया व बेबेल या संचांनी भाषेची निवड हाती दिली. २०२० पासून लुआटेकच्या शाखेतही हार्फबझ या आकारदायी घटकाचा समावेश झाल्याने देवनागरी जोडाक्षरे तेथेही नीट जुळू लागली.

या रचनेचे मर्म भाषेच्या घोषणेत आहे. युनिकोडमध्ये 'ल' आणि 'श' यांना प्रत्येकी एकच सांकेतिक क्रमांक आहे. मराठी आणि हिंदी वळणांतील फरक तेथे नोंदवलेला नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली. १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने तिची अद्ययावत नियमावली दिली. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही शासनमान्य रूपे आहेत. परंतु शासन निर्णयाने फॉन्ट बदलत नाही. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवलेली असतात, तेथे मजकूर मराठी आहे असे सांगितल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही. लाटेकमध्ये हे सांगणे धारिकेच्या आरंभीच्या एका ओळीचे काम आहे. त्या एका घोषणेने अक्षरांचे वळण, शब्द तोडण्याचे नियम, 'प्रकरण' व 'अनुक्रमणिका' यांसारखी शीर्षके आणि दिनांकाची मांडणी मराठीच्या अधीन होऊ शकते. नेहमीच्या शब्दप्रक्रिया प्रोग्रॅममध्येही भाषा नोंदवता येते, पण तेथे ती नोंद अदृश्य असते आणि सहसा कोणी करत नाही. लाटेकमध्ये भाषा हा दस्तऐवजाचा घोषित गुणधर्म ठरतो. रूप आणि मजकूर हे दोन्ही निकष येथे प्रथमच एकत्र येतात.

मुक्त परवान्याच्या फॉन्टांनी या भेटीला आधार दिला. एक टाइपचा मुक्त, वैभव सिंह यांचा एक्झार, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून आलेला शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा अशी निवड आज उपलब्ध आहे. सिटॅनवर 'मराठी' याच नावाचा संच आहे, तसेच मराठीतून लाटेक शिकवणारी मार्गदर्शिकाही आहे. यांपैकी कशासाठीही परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही, ही बाब मर्यादित निधीच्या ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने गौण नव्हे.

उणिवांची चिकित्सा

तथापि, या संचांची भलावण करून थांबणे योग्य होणार नाही. पहिली उणीव शब्दतोडीची. टेकमध्ये वापरले जाणारे मराठीचे शब्दतोड नियम संतोष तोट्टिंगल यांनी लिहिलेले आहेत. ते मल्याळी भाषक असून अनेक भारतीय भाषांसाठी त्यांनी हे काम केले आहे. हे नियम अक्षरावर आधारलेले आहेत : हलन्ताच्या आजूबाजूस तोडू नये, मात्रेच्या आधी तोडू नये, मात्रेनंतर तोडण्यास हरकत नाही. त्यामुळे 'झऱ्याला' हा शब्द 'ऱ्या'च्या मध्ये कधीच तुटत नाही, हे उत्तम. पण सामासिक शब्द आणि प्रत्यय यांची जाण या नियमांना नाही. 'विद्यापीठातील' हा शब्द 'विद्या' नंतर तुटणे वाचकाला सोयीचे; 'विद्यापी' नंतर तुटला तर डोळा अडखळतो. नियमांच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच. हा दोष तोट्टिंगल यांचा म्हणता येणार नाही. मराठीच्या समास-प्रत्ययांची माहिती मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांकडे आहे, आणि ती त्यांनी या स्वरूपात मांडलेली नाही.

दुसरी उणीव सूचीची. लाटेकमध्ये शब्दसूची करणारा मेकइंडेक्स हा जुना प्रोग्रॅम सांकेतिक क्रमांकानुसार शब्द लावतो. परिणामी 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, 'क्ष' हा 'क'मध्ये आणि 'ज्ञ' हा 'ज'मध्ये मिसळतो. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' अखेरीस येतात. संदर्भसूचीसाठी असलेला बिबर हा नवा प्रोग्रॅम भाषानिहाय क्रमाचा विचार करतो, पण तोही भाषा सांगितल्यावरच.

तिसरी उणीव अधिक गंभीर, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण रेखनात आधी येते. पीडीएफमध्ये अक्षराकृती रेखनाच्या क्रमाने नोंदल्या गेल्या, तर 'किती' हा शब्द उतरवून घेताना विस्कटलेला मिळतो. म्हणजे युनिकोड वापरूनही शोधाचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. प्रत्येक शब्दामागे त्याचा खरा मजकूर नोंदवण्याची सोय झीटेकमध्ये २०१६ पासून आहे, मात्र ती आपणहून चालू करावी लागते. जो हे जाणत नाही, त्याची धारिका शुद्ध आणि पीडीएफ प्रत सदोष, अशी स्थिती उद्भवते. मजकुराच्या निकषावर लाटेकची ही सर्वांत मोठी परीक्षा आहे. येथे पूर्वनियोजित पर्याय भारतीय लिप्यांच्या बाजूने असावयास हवा होता.

चौथी उणीव शिकण्याच्या कष्टाची. आज्ञा रोमन लिपीत, चुकांचे संदेश इंग्रजीत, आणि मजकूर मराठीत. एकाच ओळीत कळफलक पुनःपुन्हा बदलावा लागतो. गणिताच्या विभागाने लाटेक स्वीकारले आणि मराठीच्या विभागाने नाही, यामागे अनास्थेइतकेच हे व्यावहारिक कारणही आहे.

पूरक कोण?

वरील विवेचनातून एक विषम चित्र उभे राहते. मराठीची अक्षरे छापण्याची आरंभीची टेक योजना एका डच अभ्यासकाची, तिचे पुढील संगोपन करणाऱ्यांत एक चेक, युनिकोड यंत्रणा एका इंग्रज तंत्रज्ञाची, शब्दतोड एका मल्याळी संगणकतज्ज्ञाची. अलीकडच्या काळात काही मराठी तरुण अभ्यासक या कामात उतरले आहेत, पण ते स्वयंप्रेरणेने. टेक वापरकर्त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भारतात भरली, ती तिरुवनंतपुरम येथे, उदाहरणार्थ २००२ व २०११ साली. केरळात या विषयाची जी संघटित परंपरा घडली, तशी महाराष्ट्रात घडली नाही. सीडॅक आणि मॉड्युलर इन्फोटेक पुण्यात असूनही हे घडले नाही, याचे एक कारण असे संभवते की, तयार उत्पादन विकत घेण्याची सोय हाताशी होती. स्वतःचे साधन सामूहिकपणे घडवण्याची निकड भासली नाही.

पूरक संच हा दुय्यम असतो, ही समजूत येथे तपासून पाहिली पाहिजे. इंग्रजीपुरते पाहिले तर मूळ प्रणालीच भाषा सांभाळते आणि संच तिला अलंकृत करतात. मराठीच्या बाबतीत भाषा संचातच आहे. 'अनुक्रमणिका' म्हणावे की 'अनुक्रम', 'सारांश' की 'गोषवारा', 'संदर्भसूची' की 'ग्रंथसूची', हे संच लिहिणारा ठरवतो आणि हजारो पानांवर तोच शब्द छापला जातो. परिभाषा निश्चितीचे जे काम एकेकाळी समित्या करीत, ते आज काही ओळींच्या धारिकांत घडते. लाटेकमध्ये हे शब्द बदलता येतात आणि धारिका सर्वांना खुली आहे. तेव्हा तेथे मराठीच्या अभ्यासकांचा आवाज अपुरा असेल, तर दोष दाराला देता येणार नाही.

समारोप

लाटेक आणि त्याचे पूरक संच हे मराठीच्या छपाईचे सर्वगुणसंपन्न उत्तर नाही. सुशोभित मुखपृष्ठे, निमंत्रणपत्रिका, वृत्तपत्राची पाने यांसाठी इतर साधने अधिक सोयीची आहेत. परंतु प्रबंध, शोधनिबंध, कोश, संपादित पोथ्या अशा, दीर्घकाळ टिकावा आणि शोधता यावा अशा मजकुरासाठी, रूप आणि मजकूर या दोन्ही निकषांवर उतरण्याची क्षमता असलेली ही खुली प्रणाली आहे. ती क्षमता प्रत्यक्षात येण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात. संशोधनपत्रिकांनी लेख मागवताना विशिष्ट कंपनीच्या फॉन्टची अट काढून युनिकोड मजकुराची अट घालावी आणि प्रसिद्धीपूर्वी पीडीएफमधील एक परिच्छेद उतरवून घेऊन तपासावा. विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांनी प्रबंधलेखनाचा एक नमुना मराठी लाटेकमध्ये तयार करून खुला करावा. आणि मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांनी शब्दतोड व वर्णक्रम यांचे नियम संगणकाला समजतील अशा स्वरूपात लिहून सिटॅनसारख्या भांडारास द्यावेत.

यांपैकी पहिली गोष्ट करण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. झरीसारख्या गावावर लिहिलेल्या मराठी लेखात 'झरी' हा शब्द शोधून सापडावा आणि 'झऱ्याला' हा शब्द उतरवून घेतल्यावर 'झऱ्याला' असाच राहावा, एवढी अपेक्षा संशोधनपत्रिकेच्या प्रत्येक अंकाकडून ठेवता येते आणि ती पुरी करण्याची साधने आज उपलब्ध आहेत.